दोन वर्षांत तीन बॅटऱ्या : देवगडच्या एका होडीचं चार्जिंग

होडी देवगड बंदरातली. २८ फुटी, फायबरची. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला सेल्फ स्टार्टर, पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा ३५ अँपियरचा आल्टरनेटर आणि इंजिनाच्या पेटीत फळीवर ठेवलेली १२ व्होल्ट, ८० अँपियर-तासांची (म्हणजे एक अँपियर ऐंशी तास पुरेल एवढी) एकच बॅटरी. सेल्फ तिच्यावर, दिवे तिच्यावर, जीपीएस आणि फिश फाइंडरही तिच्यावरच. मालक आणि तीन खलाशी संध्याकाळी निघतात, तासाभराच्या धावेनंतर तरती जाळी सोडतात आणि इंजिन बंद करून रात्रभर जाळ्याबरोबर वाहत राहतात. पहाटे जाळी ओढून आठच्या सुमारास बंदरात. सिंधुदुर्गातल्या कितीतरी होड्यांचा दिनक्रम असाच आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

तक्रार अशी होती की दोन वर्षांतली ही तिसरी बॅटरी, जेमतेम चार महिन्यांची, आणि एका पहाटे जाळी ओढून झाल्यावर सेल्फने नुसतं ‘टक’ केलं. वारा वाढत होता. दोघांनी हँडल मारून इंजिन चालू केलं, म्हणून वेळ निभावली. त्याच वेळी बाजूच्या होडीला वायरलेसवर हाक द्यायला गेले, तर बटण दाबताच सेटचा डिस्प्ले विझला. मला काळजी वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची. इंजिन बंद पडलेलं आणि सोळा नंबरवर, म्हणजे संकटाच्या चॅनलवर, बोलताही येत नाही, ही स्थिती किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर कुणावरही येऊ नये.

मालकांचं निदान तयार होतं. “काय सांगू मेस्त्रीनू, गाडयेची बॅटरी चार वर्सां जाता. होडयेची वरीसभर टिकणा नाय. कंपनीच फसवता.” उपायही त्यांनी ठरवलेला होता : इन्व्हर्टरला लावतात तशी १५० अँपियर-तासांची मोठी ट्युब्युलर बॅटरी आणायची. दुकानदारानेही तेच सुचवलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की बॅटरी घेण्याआधी मोजून तर बघू. आणि उद्या बंदरात आलात की नेहमीसारखी बॅटरी काढून गॅरेजला नेऊ नका, आहे तशी ठेवा.

‘नेहमीसारखी’ म्हणजे काय, तर आठवड्यातून एकदा बॅटरी सोडवून, खांद्यावर घालून, गॅरेजमध्ये रात्रभर चार्जिंगला टाकायची. मालकांना यात वावगं काही वाटत नव्हतं, होडीचं कामच तसं असतं असं ते धरून चालले होते. पण इंजिनाला आल्टरनेटर असूनही बॅटरी दर आठवड्याला किनाऱ्यावर न्यावी लागते, याचा सरळ अर्थ जेवढं जातं तेवढं परत येत नाही असा होतो.

मोजल्यावर काय दिसलं

होडी धक्क्याला लागल्यावर इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. धावेच्या वेळी असतो तेवढा वेग देऊन आल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर मल्टिमीटर लावला : १४.१ व्होल्ट. म्हणजे आल्टरनेटर आणि त्यातला व्होल्टेज आवरणारा कटआउट दोन्ही ठणठणीत. तोच मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर : १३.३. मधले ०.८ व्होल्ट वाटेतच मुरत होते. वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर त्या वेळी १४ अँपियर दिसत होते. इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद वेगाला, आणलं की बॅटरीवर जेमतेम १२.९.

०.८ व्होल्ट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण लेड-ॲसिड बॅटरीचा सगळा खेळ एवढ्याशाच पट्ट्यात चालतो. भरलेली बॅटरी शांत पडून असताना १२.६ ते १२.७ दाखवते, अर्धी असताना १२.२. ती पूर्ण भरायची तर टर्मिनलवर १४.२ ते १४.४ व्होल्ट पोचावे लागतात आणि तिथे काही तास टिकावे लागतात. १३.३ वर ती भरल्यासारखी दिसते, पण वरचा हिस्सा कधीच भरत नाही.

वायर शोधत गेलो. सेल्फची केबल जाड होती, बॅटरीपासून थेट स्टार्टरला. आल्टरनेटर मात्र नंतर बसवलेला. ज्याने बसवला त्याने त्याची चार्जिंगची वायर इंजिनापासून केबिनमधल्या चावीच्या पॅनलला नेली होती आणि तिथून परत बॅटरीला आणली होती. वायर ४ चौरस मिलिमीटरची, परतीचा मार्ग धरून नऊ मीटर भरली. तांब्याच्या अशा वायरीत मीटरला साधारण साडेचार मिलिओहम रोध असतो. म्हणजे १४ अँपियरला सुमारे ०.६ व्होल्ट वायरच खात होती, आणि उरलेले ०.२ लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) आणि फ्यूज होल्डर. होल्डर उघडला तर आतली पत्ती शेवाळासारखी हिरवी झालेली. लग हातोडीने ठोकून बसवलेला होता, ओढल्याबरोबर हातात आला. आतल्या तारा काळ्या, आणि इन्सुलेशन सोलत गेलो तसा काळेपणा वीतभर आत गेलेला. खारं पाणी उघड्या टोकातून आत शिरलं की तारांमधल्या बारीक फटींतून असंच चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते आणि आतलं तांबं संपलेलं असतं.

दोन तास सगळं बंद ठेवून बॅटरी मोजली : १२.२. हायड्रोमीटरने सहाही घरांतल्या ॲसिडची घनता पाहिली. पाच घरांत १.१८ ते १.१९, एकात त्याहून कमी. आपल्याकडे गाडीची बॅटरी भरलेली असताना हा आकडा १.२६५ च्या आसपास हवा. थोडक्यात, सव्वा तास इंजिन चालवून परत आल्यावरसुद्धा बॅटरी निम्मीच होती. चार महिने ती निम्म्यावर आणि निम्म्याच्या खालीच जगत आली होती.

आता रात्रीचा खर्च. प्रत्येक वस्तूचा करंट क्लॅम्प मीटरने घेतला आणि मालकांना विचारून तास मांडले. तांबडा आणि त्याखालचा पांढरा, म्हणजे जाळी टाकून बसलेल्या होडीने दाखवायचे दिवे, आणि मास्टवरचा एक, सगळे एलईडी : एक अँपियर, अकरा तास, म्हणजे ११ अँपियर-तास. जाळी सोडताना आणि ओढताना पेटवायचे डेकचे दोन दिवे : सव्वातीन अँपियर, तीन तास, १०. (हे नुसते कामाचे दिवे. मासे गोळा करायला जनरेटरवर पेटवतात ते झगझगीत एलईडी वेगळे. त्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे आणि ती असलीच पाहिजे.) जीपीएस आणि फिश फाइंडरचा एकत्र सेट रात्रभर चालू : १.२ अँपियर, बारा तास, १४. वायरलेस सेट आणि ट्रान्सपॉन्डर मिळून ७. चार मोबाइल ५. होडीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मधूनमधून, २. बेरीज ४९.

ट्रान्सपॉन्डरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. इस्रोच्या तंत्रज्ञानावरची ही यंत्रं देशभरातल्या एक लाख मासेमारी होड्यांवर बसवायच्या योजनेचं उद्घाटन पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. मोबाइलची रेंज संपते तिथून संकटाचा संदेश पाठवता येतो, वादळाचा इशारा होडीपर्यंत येतो. या होडीवर तो बॅटरीवरच जोडलेला आहे. बॅटरी बसली की तोही मुका होतो, आणि मदतीची गरज नेमकी अशाच रात्री पडते.

४९ अँपियर-तास खर्च, बॅटरी ८० ची. रोज साठ टक्के उपसा. इंजिन दोन्ही वेळचं मिळून अडीच तास. त्यात इंजिन चालू असतानाचे दिवे आणि सेट भागवून बॅटरीच्या पदरात पडणारे ३६ ते ३८. दर फेरीला बाराएक अँपियर-तासांची तूट. चार-पाच फेऱ्यांनंतर गॅरेजची वारी का करावी लागायची, हे इथे कळलं.

हिशेबात आणखी एक गळती निघाली. सगळे स्विच बंद करून बॅटरीची निगेटिव्ह सोडवली आणि मध्ये मीटर धरला : ०.१२ अँपियर. दिवसाला जवळजवळ तीन अँपियर-तास. थोडा वाटा म्युझिक सिस्टिमचा, बाकीचा पॅनलमागच्या कनेक्टर पट्टीचा. या पट्टीवर मिठाचा पांढरा थर बसला होता आणि दमट हवेत तो थरच पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या मधला रस्ता झाला होता. गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून वाळवल्यावर आकडा ०.०३ वर आला. रोजच्या धामधुमीत हे तीन अँपियर-तास लक्षात येत नाहीत. पण १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होडी वर ओढलेली असते आणि बॅटरी तिच्यातच राहते. महिन्याभरात ८० ची बॅटरी या एका गळतीनेच रिकामी होते, आणि पुढचा महिना ती रिकामी पडून राहते. मालकांच्या पहिल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक ‘नारळी पौर्णिमेला गेली’ असं ते सांगत होते. ती मेली असणार जुलैमध्येच, कळलं पौर्णिमेला.

बॅटरी नेमकी मरते कशाने

लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होते तेव्हा प्लेटींवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून जातं. दिवसेंदिवस तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणजे वारंवार वापरण्यापेक्षा अर्धपोटी ठेवण्याने तिचं जास्त नुकसान होतं. गाडीची बॅटरी चार वर्षं जाते, कारण ती कायम भरलेली असते. सेल्फ मारायला समजा २०० अँपियर तीन सेकंद लागले, तरी खर्च होतो एका अँपियर-तासाचा सहावा हिस्सा. गाडी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तो भरून निघतो. तीच बॅटरी होडीवर येते आणि तिच्याकडून रोज रात्री पन्नास अँपियर-तास उपसले जातात. तिच्या प्लेटी पातळ असतात, एकदम मोठा करंट देण्यासाठी. रात्रभर सावकाश देत राहण्यासाठी त्या केलेल्याच नाहीत.

भरीला इंजिनाच्या पेटीतली उष्णता. तिथे हात ठेवून बघा, मीटरची गरज लागत नाही. साधारण आठ-दहा अंश तापमान वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार्जिंगचा वेळ, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यासाठीच. लेड-ॲसिड बॅटरी पहिला ऐंशी टक्के भाग भराभर घेते. त्यानंतर ती हट्टी होते. व्होल्टेज १४.४ ला पोचलेलं असतं आणि करंट आपोआप घटत जातो : पंधरा, दहा, पाच, दोन. वरचे वीस टक्के भरायला चार ते सहा तास, कधी जास्त. आल्टरनेटर ३५ चा असो की १०० चा, या शेवटच्या टप्प्यात काही फरक पडत नाही, कारण अडतं ते बॅटरीच्या आत. सव्वा तास चालणारं इंजिन हा टप्पा कधीच पुरा करू शकत नाही. वायर सुधारली तरी नाही. आणि १५० ची बॅटरी आणली असती तरी नाही : टाकी मोठी केली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. उलट ट्युब्युलर बॅटरी चार्ज घ्यायला आणखी सुस्त, सेल्फसाठी नको तेवढी मवाळ, अंगाने उंच आणि पन्नास किलोंच्या पुढे. डोलणाऱ्या होडीत उंच आणि जड वस्तू मला नको.

मग तो वेळ आणायचा कुठून? सकाळी आठपासून दुपारी साडेचारपर्यंत होडी बंदरात उभी असते. त्याच वेळात ऊन असतं. डिझेल जाळून मिळणार नाहीत ते सावकाश भरण्याचे सहा-सात तास आभाळातून फुकट मिळत होते, आणि केबिनचं छत रिकामं होतं.

काय केलं

सगळ्यात आधी बिनखर्चाचं. आल्टरनेटरची वायर केबिनला जायची काहीच गरज नव्हती. त्याच्या बोल्टपासून स्टार्टरवरच्या जाड केबलच्या बोल्टपर्यंत हातभर अंतर. तिथे आखूड, जाड वायर टाकली, मध्ये फ्यूज. चार्जिंग आता सेल्फच्याच जाड केबलने बॅटरीला जाऊ लागलं. त्याच दिवशी बॅटरीवर १४.० व्होल्ट आले. होड्यांमध्ये ही एक चूक मी इतक्या वेळा पाहतो की नव्या बॅटरीचं नाव काढण्याआधी आल्टरनेटरचा बोल्ट आणि बॅटरीचं टर्मिनल ही दोन व्होल्टेज प्रत्येकाने मोजावीत, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर दोष वाटेत आहे.

मग बॅटऱ्या वेगळ्या केल्या. सेल्फसाठी एक, बाकी सगळ्यासाठी दुसरी. चार महिन्यांची ती ‘बिघडलेली’ बॅटरी टाकून दिली नाही. पाच अँपियरवर दीड दिवस सावकाश चार्ज केली, ॲसिड १.२४० पर्यंत वर आलं. पूर्ण १.२६५ नाही, जे खडे झाले ते झाले. पण सेल्फच्या कामाला ती आजही उत्तम आहे, आणि तिचा जन्मच त्या कामासाठी आहे. रात्रीच्या खर्चासाठी १०० अँपियर-तासांची, जाड प्लेटींची, रोजचा मोठा उपसा सोसणारी डीप सायकल बॅटरी आणली आणि ती इंजिनाच्या पेटीत न ठेवता केबिनमध्ये बाकाखाली बसवली.

दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले. सेल्फची बॅटरी १३.३ ला पोचली की तो दोन्ही जोडतो, १२.८ च्या खाली गेलं की तोडतो. रात्री दिव्यांनी कितीही खाल्लं तरी सेल्फची बॅटरी अलग आणि भरलेली राहते. यासाठी काही जण डायोडचा आयसोलेटर लावतात, पण त्यात ०.६-०.७ व्होल्ट जातात. जे वाचवायला एवढी धडपड केली तेच परत घालवायचं, म्हणून तो नको. पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या हे हाताने फिरवून ठरवायचा १-२-बोथ स्विच स्वस्त आणि भरवशाचा आहे, मात्र रात्री ‘बोथ’वर विसरला की सगळं मुसळ केरात. आणि इंजिन चालू असताना तो चुकून ‘ऑफ’वरून फिरला तर आल्टरनेटरचे डायोड उडतात. रिलेपासून बाकाखालच्या बॅटरीपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली. वायर बारीक असती तर रिले जोडल्याबरोबर व्होल्टेज खाली बसून तो पुन्हा तुटला असता, आणि दिवसभर टक-टक करत राहिला असता.

टिन चढवलेल्या तांब्याची वायर तालुक्याला मिळाली नाही, मागवून घ्यावी लागली. मालकांना किंमत जड वाटली. त्यांना जुन्या वायरीचा तो काळा पडलेला तुकडा दाखवला. थिंबल, म्हणजे लगच, क्रिंपिंगच्या पकडीने दाबले, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली, मग टर्मिनलला पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग लग कसण्याची अनेकांना सवय असते. ती उलटी करायला हवी : आधी धातूला धातू घट्ट कसायचा, मग वरून जेली. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टर्मिनलपासून वीतभराच्या आत, फ्यूज. लोकांना वाटतं फ्यूज यंत्र वाचवतो. तो वायर वाचवतो, आणि फायबरच्या होडीत वायर पेटणं म्हणजे होडी पेटणं.

छतावर १५० वॉटचं पॅनल, ३६ सेलचं. घरांच्या छतावर लावतात ती ६० किंवा ७२ सेलची पॅनल स्वस्त पडतात म्हणून हल्ली होड्यांवरही दिसतात. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये लावायच्या साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरबरोबर त्यांचं वरचं व्होल्टेज वाया जातं, ३०० वॉट लिहिलेल्यातून निम्मेही हाती येत नाहीत. ३६ सेलचं पॅनल उन्हात तापल्यावर १५-१६ व्होल्टवर येतं, बॅटरीला हवं त्याच्या जवळच. त्यामुळे इथे वरचं व्होल्टेजही वापरून घेणाऱ्या महागड्या एमपीपीटी कंट्रोलरचा फायदा फार उरत नाही. साधाच २० अँपियरचा कंट्रोलर लावला. १४.४ ऐवजी १४.२ वर ठेवला, कारण आपल्याकडच्या गरमीत लेड-ॲसिडला व्होल्टेज थोडं कमीच द्यावं लागतं आणि या कंट्रोलरला तापमान कळत नाही.

पॅनलची जागा ठरवण्यात जास्त वेळ गेला. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे मास्टची मनगटाएवढी सावली आडवी पडली तरी पॅनलचा बराच करंट जातो. नेहमीच्या जागी होडी बांधून सकाळ-दुपार सावली पाहिली आणि पॅनल छताच्या मागच्या कडेला सरकवलं. झेंड्याची काठी पुढे नेली. ती पुढे नेण्याआधी मालकांनी नारळ आणि अगरबत्ती आणली, ते योग्यच होतं.

बिल्ज पंप मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, त्याच्या स्वतःच्या फ्यूजसह जोडला. मेन बंद करून माणसं घरी गेली तरी होडीत पाणी चढलं की पंप चाललाच पाहिजे. बॅटऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत, पट्ट्याने आवळून, बोटभरही हलणार नाहीत अशा. झाकणाला वरच्या बाजूने हवा जायची वाट ठेवली. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि बंद जागेत हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. बाकाखाली जाळ्याची बोचकी कोंबून ही वाट बुजवू नका, हे खलाशांना दोनदा सांगितलं. खारं पाणी ॲसिडमध्ये गेलं तर क्लोरीन निघतो, म्हणून पेट्या तळापासून उंच ठेवल्या.

खर्चाच्या बाजूलाही थोडी कात्री लावली. होडी वाहत असताना जागा कळायला जीपीएस हवा, पण फिश फाइंडरचा सोनार रात्रभर चालू ठेवायचं कारण नाही. तो बंद आणि पडद्याचा उजेड कमी केला, तेवढ्याने सहा अँपियर-तास वाचले. ४९ चे ४३ झाले.

नवा हिशेब

पहाटे १०० च्या बॅटरीत ५७ उरतात. परतीच्या सव्वा तासात आल्टरनेटर पंचवीसएक घालतो, बॅटरी ऐंशीच्या घरात येते. इथून पुढचा हट्टी भाग सूर्य भरतो. १५० वॉटचं पॅनल स्वच्छ दिवशी, सगळी घट धरून, ३५ च्या आसपास देतं. एवढे लागतही नाहीत, करंट आपोआप घटत जातो आणि दुपारी तीनला कंट्रोलर फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखण्याच्या टप्प्यावर, १३.५ ला आलेला दिसतो. रिले दोन्ही बाजूंचं व्होल्टेज बघणारा आहे, त्यामुळे दुपारी उन्हावर सेल्फची बॅटरीसुद्धा भरून निघते.

पहिला पूर्ण हंगाम बॅटरी एकदाही गॅरेजला गेली नाही. मालकांना एक वही करायला सांगितली : दुपारी निघण्याआधीचं आणि पहाटे जाळी ओढण्याआधीचं व्होल्टेज. पहाटेचा आकडा १२.१ च्या खाली गेला की मला फोन. ऑक्टोबरच्या ढगाळ आठवड्यात तो १२.० पर्यंत आला होता. तेव्हा किनाऱ्यावरून चार्जर लावून एक रात्र पूर्ण भरून घेतली. पॅनल आहे म्हणून चार्जर विकून टाकू नये. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण रात्र चार्ज आणि ॲसिडच्या घरांत डिस्टिल्ड वॉटर, एवढं करावंच. नळाचं पाणी नाही, विहिरीचं तर नाहीच.

बंदीच्या दोन महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या घरी, पडवीत, महिन्याला एकदा चार्ज. मालकांच्या आईने त्या लादीवर ठेवू दिल्या नाहीत, खाली फळी घातली, ‘लादी बॅटरी ओढून घेते’ म्हणून. जुन्या लाकडी आणि रबरी डब्यांच्या काळात त्यात तथ्य असेल, आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून लादी काही ओढत नाही. पण फळीने नुकसानही होत नाही, आणि आजीचा शब्द मोडण्याएवढं त्यात काही नव्हतं.

एकूण खर्च मालकांनी दोन वर्षांत घेतलेल्या तीन बॅटऱ्यांच्या जवळपास आला.

लिथियमचा विचार केला होता. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अर्धी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. या होडीचा मूळ आजार अर्धपोटी राहण्याचाच असल्यामुळे ती खरं तर औषधासारखी लागू पडली असती. वजन निम्म्याहून कमी, आणि शेवटपर्यंत भराभर चार्ज घेते. अडचण हीच की ती छोट्या आल्टरनेटरकडून जेवढं मिळेल तेवढं ओढत राहते आणि कमी वेगावर, पंख्याची हवा पुरत नसताना, तो जळतो. तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) मध्येच संबंध तोडला तर आल्टरनेटरमधून व्होल्टेजची उसळी येते, ती वायरलेस आणि जीपीएसवर. म्हणून मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. नुसती बॅटरी बदलून लिथियम लावून देणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावं. पुढच्या वेळी, ही डीप सायकल थकेल तेव्हा, मी त्यांना चार्जरसह लिथियमच सुचवेन.

एक काम राहिलं आहे. आल्टरनेटरची पुली होडीच्या वेगाला थोडी मोठी आहे, त्यामुळे सावकाश धावताना तो पुरेसा फिरत नाही. पट्ट्याखाली काळी भुकटीही पडते, म्हणजे पट्टा घसरतो आहे. लहान पुली घडवून घ्यायची आहे, लेथवाल्याकडे माप दिलं आहे.

आउटबोर्डवाल्यांनी, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन वापरणाऱ्यांनी, मात्र हे जसंच्या तसं उचलू नये. हाताने चालवायच्या लहान आउटबोर्डमध्ये बहुतेक वेळा फक्त दिव्यांपुरती वीज देणारी लायटिंग कॉइल असते. तिच्यातून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट येतो, तोही वेगानुसार कमी-जास्त. एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर न बसवता ती बॅटरीला जोडली तर चार्जिंग होणारच नाही. आणि बसवला तरी पूर्ण वेगात पाच-सहा अँपियरच्या पलीकडे अपेक्षा ठेवू नये. तिथे पॅनल हाच मुख्य चार्जर धरायचा आणि रात्रीचा खर्च त्याच्या मापाने बेतायचा.